अवसेनंतर बंद पडणारी गाडी

घाटात बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली, की आजही ती सगळी घटना माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते. निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. साताऱ्यात घर आहे, सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो. पण तशी गाडी दिसली की स्कूटर बाजूला घेऊन विचारतोच, "काय झालं? गरम झाल्यावर बंद पडली का?" मागच्या सीटवरून बायको करवादते, "तुम्हाला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी!" तिचं बरोबर आहे. पण त्या गाडीपायी एका बाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो खाली उतरेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात, त्यांचे बांधाला बांध लागून आहेत.

तेव्हा मी वडूजच्या बाजूला, माळरानाच्या भागात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती. रात्रपाळीचे जवान सुटले होते. आठवडी बाजाराचा बंदोबस्त लावून मी प्रलंबित गुन्ह्यांची कागदपत्रं पुढ्यात ओढली, तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात आले. "साहेब, एक बाई फोनवर आहे. रडतीय. नाव सांगत नाही, तुमच्याशीच बोलायचं म्हणतीय."

आवाज तरुण मुलीचा होता. ती कवठे महांकाळहून, माहेरून बोलत होती. "साहेब, तुमच्या हद्दीत आमची वस्ती आहे. तिथं आक्का म्हणून आहेत, माझ्या चुलत सासूबाई. एकट्याच असतात. येत्या अवसेला त्यांना देवळापुढं नेणार आहेत. कबूल करून घ्यायचं ठरलंय."

"काय कबूल करून घ्यायचं?"

"आमच्या गाडीवर करणी केली म्हणून." मग ती थांबली. मला वाटलं फोन ठेवला. "साहेब, माझं बाळ त्या गाडीतच गेलं. पण आक्कांनी काही केलेलं नाही. मी शपथेवर सांगते. त्यांना वाचवा."

खबर देणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. बहुतेकांना त्यातून काहीतरी हवं असतं. कुणाला भावकीतला हिशेब चुकता करायचा असतो, कुणाला प्रतिस्पर्धी आत गेलेला पाहायचा असतो. या मुलीला मात्र काही मिळणार नव्हतं. संतापायचा सगळ्यांत जास्त हक्क तिचा होता, आणि तीच त्या बाईला वाचवा म्हणून रडत होती. मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

वस्तीवर पोहोचेपर्यंत बीट हवालदारानं मला मागची हकीकत सांगितली. तिथं एक निवृत्त सुभेदार होते. सैन्यातून आल्यावर त्यांनी एक जुनी नऊ आसनी डिझेल गाडी घेतली आणि वस्ती ते वडूज वडाप, म्हणजे प्रवासी वाहतूक, सुरू केलं. माणूस शिस्तीचा, गाडी लख्ख ठेवणारा. पण काही महिन्यांपासून गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चालता चालता इंजिन फटकन बंद पडायचं. स्टार्टर मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. सुभेदारांनी डिझेल फिल्टर बदलला, पंप बदलला, इंजेक्टर काढून सांगलीला साफ करायला पाठवले, सेन्सर नवा टाकला. तरी गाडी बंद पडायची.

मग सून बाळंतपणाला आली. मुलगा सरहद्दीवर होता. तिला कळा लागल्या, त्रास वेगळा दिसला, म्हणून साताऱ्याला न्यायला सुभेदारांनी गाडी काढली. निघताना शेजारच्या आक्कांनी, म्हणजे सुभेदारांच्या चुलतभावाच्या विधवेनं, सुनेच्या हातावर दही घातलं. गाडी घाटात मधोमध बंद पडली. दवाखान्याची गाडी येऊन पोरगी साताऱ्याला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. आई वाचली, बाळ गेलं.

त्यानंतर सुभेदारांनी डोकं फिरल्यासारखी गाडी खोलली. इंजिनच्या मागं, काचेखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, वायरिंगला बारीक तारेनं आवळलेलं, काळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं एक वाळकं लिंबू मिळालं. झालं! वस्तीला कारण सापडलं. दही कुणी दिलं? आक्कानं. मूलबाळ कुणाला नाही? आक्काला. गाडी कवा बंद पडती? अवस झाली की दोन-चार दिवसांत.

वस्तीवर गेलो तेव्हा सगळे माझ्याशी गोड बोलले. एकानं सांगितलं, "आमी काय करणार न्हाई, साहेब. नुस्तं इचारणार हाय तिला. इचारायचंबी न्हाई व्हय?" असं नुसतं विचारणं कुठं जाऊन पोहोचतं, ते मी दुसऱ्या तालुक्यात पाहिलं होतं. पंचनामा करायला गेलो होतो तिथं. ते इथं लिहीत नाही. मी तिथल्या तिथं प्रमुख माणसांना प्रतिबंधात्मक नोटिसा बजावल्या, जादूटोणाविरोधी कायदा वाचून दाखवला आणि आक्काच्या दाराशी एक जवान बसवला. नोटिसा त्यांनी मुकाट्यानं घेतल्या. त्या गप्पपणानंच मी जास्त धास्तावलो. आरडाओरडा करणारा जमाव दमतो, गप्प बसलेला दमत नाही.

आक्का पडवीत मटकी निवडत होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. मी म्हटलं, "आक्का, काही दिवस भावाकडं जाता का? मी माझ्या गाडीतनं पोचवतो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आवं साहेब, एकदा गेले की परत यायचं न्हाई मला. गेली म्हंजी खरंच हुतं, असं म्हणतील. हितं माझा मालक गेला, हितं माझी जमीन हाय. म्या कुटं जाऊ?"

"मग मी पोलीस ठेवतो."

"किती दिस ठिवणार? अवस हुईस्तोवर? आन पुढची अवस?" त्या माझ्याकडं रोखून बघत होत्या. "चोर असते तर तुमी पकडलं असतं, सोडलंबी असतं. पर ह्ये कसं फेडायचं, सांगा की."

कायदा माझ्या बाजूनं होता, वर्दी होती, काठी होती. पण ती गाडी पुन्हा बंद पडली की ही बाई पुन्हा तिथंच उभी राहणार होती. मला त्या गाडीचं दुखणं शोधणं भाग होतं, आणि तेही अवसेच्या आत. अवस फार लांब नव्हती.

लोकांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मला सारखी टोचत होती. अवसेनंतर गाडी बंद पडते, असं प्रत्येक जण सांगत होता. वडापातले प्रवासी, दूध घालणारा गवळी, शाळेतले मास्तर. मी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. कुठं बंद पडली, सोबत कोण होतं, दुसऱ्या दिवशी कुठला सण होता. हकीकती जुळत होत्या. माझा अनुभव असा की माणसं अर्थ चुकीचा लावतात, पण पाहिलेलं बहुधा खरं सांगतात. अवसेनंतर गाडी बंद पडते हे खरं असेल, तर अवसेला त्या गाडीचं काहीतरी केलं जात होतं. काय, ते मला शोधायचं होतं.

पंचांसमक्ष लिंबू ताब्यात घेऊन सील केलं. गाडी ठाण्याच्या आवारात आणली. आणि सांगलीला फोन लावला.

सांगलीत आमचे एक जुने सहकारी राहतात. पोलीस खात्याच्या मोटार परिवहन विभागात आयुष्य काढलेला माणूस. आम्ही सगळे त्यांना वस्ताद म्हणायचो. ज्ञान पुष्कळ, त्याहून तोंड जास्त. नारळ फोडून काम सुरू करावं तसे ते आधी मागच्या सगळ्या मेकॅनिकांचा उद्धार करून मगच कामाला हात घालतात. आले ते हातात विजेचा मीटर आणि तोंडात तक्रार घेऊनच. "साहेब, चालत्या गाडीचे एवढे पार्ट बदलले? ताप आलेल्या माणसाचे दात काढलेत ह्यांनी! अहो, आधी तपासायचं, मग बदलायचं."

मी म्हटलं, "वस्ताद, शिव्या नंतर द्या. अवस जवळ आलीय."

त्यांनी मला गाडी समजावून सांगितली. या गाडीत डिझेल आत सोडणारे इंजेक्टर विजेवर उघडतात. कधी उघडायचं ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो. आणि इंजिन फिरतंय की नाही हे त्या संगणकाला एक सेन्सर सांगत असतो. "सेन्सरचा निरोप पोचला नाही, की संगणकाला वाटतं इंजिन थांबलंय. तो लगेच डिझेल बंद करतो. गाडी मेली! इंजेक्टर चांगले, पंप चांगला, सेन्सर कोरा, पण मधली वायर दगा देत असेल तर सगळं फुकट."

"मग वायर शोधा."

"शोधतो की. पण तिनं दगा द्यायला पाहिजे ना!"

आणि नेमकं तेच होईना. गाडी आवारात दिवसभर सुरू ठेवली. ठणठणीत. स्कॅनर लावला, तर बॅटरी मध्ये काढून ठेवल्यामुळं जुन्या बिघाडांच्या नोंदी पुसलेल्या. वस्ताद एकेक वायर हलवून बघत होते, आणि इंजिन एका लयीत चालत होतं. चोर कोठडीत बसून तोंड उघडत नाही तेव्हा इतकी घालमेल होत नाही. चोराला उद्या विचारता येतं. इथं वस्तीवर बसवलेला जवान फोन करून सांगत होता, "साहेब, देवळापुढं झाडलोट सुरू झालीय." दुसऱ्या दिवशीही तेच. जेवणाचा डबा मी तसाच परत पाठवला.

शेवटी वस्ताद म्हणाले, "हिला घाटातच न्यायला पाहिजे. हादरे बसले पाहिजेत, तापली पाहिजे." आम्ही निघालो. सुभेदार स्टेअरिंगवर, कारण त्या गाडीची खोड त्यांनाच ठाऊक. वस्ताद शेजारी, त्यांच्या मांडीवर मीटर, त्याच्या लांब वायरी बॉनेटच्या फटीतून आत गेलेल्या. मी मागं. सुभेदार माझ्याशी बोलत नव्हते. मी करणी करणाऱ्या बाईची बाजू घेतोय, असं त्यांच्या मनात घट्ट होतं.

चढाला लागलो. दुसऱ्या वळणावर गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. सुभेदारांनी हातब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. "हितंच, साहेब. त्या दिवशीबी हितंच. पोरगी मागं वरडत हुती आन म्या निस्ता चावी फिरवत बसलो हुतो."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वस्तादांनी मात्र एक उडी मारली. "सेन्सरपाशी निरोप आहे, संगणकापाशी नाही! मध्येच तुटतोय. उघडा बॉनेट." इंजिन आणि गाडीचा आतला भाग यांच्यामधल्या पत्र्यापाशी वायरिंगचा एक जोड होता. त्यांनी तो दोन बोटांनी दाबून धरला आणि ओरडले, "मारा स्टार्टर!" गाडी सुरू झाली. बोटं सैल सोडली, बंद पडली. पुन्हा दाबला, सुरू. मी आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब घेतले, पण असा रोकडा एकही नव्हता.

जोड सोडवला. आतलं रबर सील कुठल्यातरी गॅरेजात पडून राहिलेलं. दोन पिनांवर हिरवट थर चढला होता. वस्तादांनी चाकूच्या टोकानं तो खरवडला, वास घेतला आणि मान हलवली. "कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं की कसं कळकतं? तसं कळकलंय हे. पाण्यानं असं होत नाही, साहेब. ह्याला कुणीतरी आंबट पाजलंय. एकदा नाही, परत परत."

लिंबू त्याच जोडाच्या वर बांधलेलं होतं. पंचनाम्याच्या वेळी सुभेदारांनी दाखवलेली जागा मी स्वतः पाहिली होती. तारेनं टोचलेलं ताजं लिंबू इंजिनच्या उष्णतेनं गळत राहणार, रस खाली जोडात उतरणार, पुढच्या काही दिवसांत गाडी दगा देणार. मग रस वाळला की पुन्हा बरी. आता मात्र थर इतका चढला होता, की ताजा रस नसतानाही घाटातल्या हादऱ्यांनी जोड दगा देत होता. वायरिंगवर तारेचे ओरखडे एकाशेजारी एक बरेच होते. म्हणजे कुणीतरी दर अवसेला तिथं नवं लिंबू बांधत होतं.

सुभेदार हे ऐकून उसळले. "मंग झालंच की सिद्ध! आक्कानंच बांधलं."

"सुभेदार, बॉनेट उघडायचा खटका कुठं आहे?"

"आत. स्टेअरिंगच्या खाली."

"गाडीला कुलूप असतं?"

"कायम. किल्ली माझ्या घरात, देव्हाऱ्यापाशी."

"आक्का तुमच्या घरात येतात?"

"न्हाई." ते थांबले. "गाडीच्या येळंला कुणीच येत न्हाई. म्या शिस्त लावलीया. अवसेला गाडी म्या धुतो. आन आतली देवाची तसबीर पुसायला घरातली..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वस्तादांनी जोड तात्पुरता आवळून बांधला आणि आम्ही घाट उतरलो.

त्यांच्या बायकोला वस्तीवर सगळे मामी म्हणत. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदार त्यांना ठाण्यात घेऊन आल्या. माझ्या खोलीत आम्ही तिघंच होतो. चौकशीची माझी एक पद्धत होती. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं तो प्रश्न मी शेवटपर्यंत विचारत नसे. मी चहा मागवला आणि सुनेची तब्येत विचारली.

"बरी हाय म्हणं." पदराचं टोक त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"तिनंच मला फोन केला होता, मामी. आक्कांना वाचवा म्हणाली."

त्यांनी चटकन वर बघितलं. "माझ्या सुनंनं?"

"हो. खूप रडत होती. म्हणाली, माझं बाळ गेलं, आता आक्कांचा जीव जायला नको."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग बांध फुटला. "म्या बांधलं, साहेब. म्याच. गाडी आणली तवा म्या म्हनले, म्होरं लिंबू-मिरची बांधूया. ह्यांनी फेकून दिली. माझ्या गाडीला असली थेरं नकोत म्हनले. लष्करातला माणूस, त्यांच्याम्होरं कोन बोलणार? मंग एका देवऋष्याला इचारलं. त्यो म्हनला, आत बांध, कुणाच्या नजरंला पडू देऊ नगंस, कुणाला सांगितलंस तर उलटंल. अवसेला गाडी धुऊन ह्ये आंघुळीला गेले, की म्या बॉनेट उघडून बांधायची. गाडी रोज घाटातनं जाती. माझा मालक घाटातनं जातो. म्या काय वाईट केलं?"

"काही वाईट केलं नाहीत."

"आन गाडी बंद पडाय लागली, तवा म्या अजून घट्ट बांधलं." त्यांनी हातांनी तार आवळल्यासारखं करून दाखवलं. "लिंबू सापडलं आन समदी आक्काचं नाव घ्याय लागली, तवाच बोलायचं हुतं. पर काल ह्यांनी घरी यिऊन सांगितलं, त्या लिंबानंच गाडी बंद पडली. मंग सांगा साहेब, माझ्या नातवाला म्याच मारलं व्हय?"

महिला हवालदारांनी तोंड फिरवून डोळे पुसले. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं जड उत्तर द्यावं लागलं नव्हतं. साताऱ्याच्या डॉक्टरांना मी आधीच भेटलो होतो, ते सुदैव. त्यांचं म्हणणं मी मामींना जसंच्या तसं सांगितलं. "मामी, डॉक्टर म्हणाले, वस्तीवरून निघतानाच बाळाचे ठोके कमी झालेले असणार. तुम्ही वेळेवर पोचला असतात तरी बाळ वाचलं असतं, असं ते सांगू शकत नाहीत. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आक्कांचं काय होणार ते अजून आपल्या हातात आहे."

"म्या बोलते," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मारलं तरी बोलते."

अवसेच्या दिवशी दुपारीच आम्ही वस्तीवर पोहोचलो. देवळापुढं माणसं जमलेलीच होती. माझे जवान चारी बाजूंनी उभे केले. वस्तादांनी रात्रीच त्या जोडाच्या पिना बदलून, झाळून, नवं सील बसवून गाडी तयार ठेवली होती. सुभेदार स्वतः ती चालवत आले.

मामी पुढं झाल्या. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ऐकू येत होता. लिंबू आपण बांधलं, दर अवसेला बांधलं, आक्काचा काही संबंध नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वस्तादांनी कळकलेल्या पिना हातात धरून दाखवल्या. लोक एकमेकांकडं बघू लागले. सुभेदार मान खाली घालून उभे होते. बायकोला ते काही बोलले नाहीत, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले फक्त. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "त्ये समदं खरं आसंल. पर आक्काला गाडीत बसवा आन घाट चढून या. बंद न्हाई पडली तर मानू."

"व्हय, व्हय! बसवा!"

माझं डोकं भडकलं. "कुणी कुणाला बसवणार नाही! ही बाई काय परीक्षा द्यायला उभी आहे? तुम्ही सह्या केलेल्या नोटिसा माझ्या खिशात आहेत, आत्ता उचलीन एकेकाला!" मी ओरडत होतो, पण त्यांच्या चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसत होतं. आज मी त्यांना घरी पाठवीन. उद्या काय?

मी वस्तादांना बाजूला घेतलं. "खात्री आहे?"

नेहमी छाती ठोकून बोलणारा तो माणूस चाचरला. "साहेब, तो जोड आता दगा देणार नाही, लिहून देतो. पण गाडी जुनी आहे. वायरिंग जुनं. दुसरीकडं कुठं काय निसटलं तर मी काय सांगू?"

आम्ही हे बोलत असतानाच गाडीचं दार वाजलं. आक्का पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. मी धावत गेलो. "आक्का, उतरा. याची काही गरज नाही."

"मला हाय गरज," त्या म्हणाल्या. "चला, सुभेदार."

मी मागच्या सीटवर उडी मारून बसलो. मामीही चढल्या, आणि न बोलता आक्काच्या मागं बसल्या. घाट सुरू झाला. इतक्या वर्षांत मी कधी एखाद्या इंजिनचा आवाज तसा ऐकला नसेल. पहिलं वळण. हादरा. दुसरं वळण आलं, तीच जागा. खड्डा आला, इंजिनचा आवाज एकदम दबला, आणि मामींनी "आई गं" म्हणून डोळे मिटले. सुभेदारांनी गिअर खाली टाकला. इंजिननं दम धरला आणि गाडी वळण चढून वर आली. आक्का सगळा वेळ समोर बघत बसल्या होत्या. मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही.

खाली आलो तेव्हा लोकांनी वाट करून दिली. कुणी म्हणालं, देवीनं लाज राखली. कुणी नारळ आणायला पळालं. मघाशी "बसवा" म्हणून ओरडणारेच आता आक्काच्या पाया पडायला पुढं येत होते. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि हायसंही वाटलं.

आक्का उतरल्या आणि माझ्यापुढं थांबल्या. "साहेब, आन गाडी बंद पडली असती तर?"

मी म्हटलं, "तरी मी तुमच्या दारात उभा राहिलो असतो, आक्का."

"आन तुमची बदली झाल्याव?"

एवढं बोलून त्या घराकडं निघून गेल्या. नारळ घेऊन आलेल्यांना त्यांनी दार उघडलं नाही.

त्या देवऋष्यावर आम्ही रीतसर गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी शाबासकी दिली. पण आक्कांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आम्ही पोलीस पुराव्यामागं धावतो, आणि धावलंच पाहिजे. या तपासात मात्र मी एका गोष्टीनं हादरलो. एका निरपराध बाईची अब्रू दोन पिनांवर अवलंबून राहिली होती. त्या दिवशी घाटात दुसरी कुठली वायर निसटली असती, तर आमचा सगळा तपास पाण्यात गेला असता आणि ती बाई दोषी ठरली असती. गाडी चालली काय नि बंद पडली काय, तिनं काही केलेलं नव्हतं, हे आधीपासूनच खरं होतं. ते मानायला लोकांना चालती गाडी लागली. पुराव्यानं न्यायालय पटतं. शेजारी पटायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते पोलीस ठाण्याच्या हातात नसतं.

बदली व्हायची ती झालीच. सामान बांधून झाल्यावर मी एकदा वस्तीवर गेलो. आक्का रानात होत्या. त्यांच्या पडवीत मामी बसल्या होत्या. शेजारी सून होती, माहेराहून परत आलेली, आणि दोघी मिळून आक्कांच्या शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, आक्कांना निरोप सांगा, माझी बदली झाली. त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मामी उठून उभ्या राहिल्या. डोईवरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुमी जावा, साहेब. तिच्या दारात आता म्या हाय."